शंभर चौकोनांचे प्रशस्तिपत्र

हौशी रेडिओचालकांना, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्या मंडळींना, आपल्या छंदातून पैसे मिळवण्याची मुभा नसते. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवायचा, स्वतःच्या खर्चाने यंत्र जुळवायचे आणि दूरच्या अनोळखी माणसाशी बोलायचे. मोबदल्यात मिळतात ती प्रशस्तिपत्रे. त्यांतली काही तर केवळ उपग्रहामार्फत साधलेल्या संपर्कांसाठी असतात. कागदाच्या या तुकड्यामागे भूगोल, भूमिती आणि भौतिकशास्त्र यांचा केवढा मोठा पाठ दडलेला आहे, हे आपण पाहू.

हौशी मंडळींचा पहिला उपग्रह ‘ऑस्कर-१’ १२ डिसेंबर १९६१ रोजी अवकाशात गेला. तो मोर्स संकेतात ‘हाय’ एवढेच म्हणत असे. १९६५ च्या ‘ऑस्कर-३’ ने मात्र खालून आलेला संदेश दुसऱ्या वारंवारतेवर परत पाठवला आणि दोन माणसांना उपग्रहामार्फत एकमेकांशी बोलता येऊ लागले. १९६९ मध्ये अमेरिकेत ‘ॲमसॅट’ ही संस्था स्थापन झाली. उपग्रहावरच्या पहिल्या संपर्काबद्दल ती सभासदत्वाचे प्रमाणपत्र देते. पुढे २०, ६० आणि १०० संपर्कांच्या पायऱ्या आहेत. अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था उपग्रहामार्फत १०० देश, अमेरिकेची ५० राज्ये किंवा पृथ्वीच्या नकाशावरचे १०० चौकोन गाठणाऱ्यांना प्रशस्तिपत्रे देते.

हे चौकोन कोणते? सारी पृथ्वी २ अंश रेखांश आणि १ अंश अक्षांश अशा ३२,४०० तुकड्यांत विभागलेली आहे. प्रत्येकाला दोन अक्षरे आणि दोन अंक असे नाव आहे. नागपूरचे नाव आपण काढू. रेखांश ७९.१ पूर्व. त्यात १८० मिळवले की २५९.१ होतात. २० ने भागल्यास भागाकार १२ आणि बाकी १९.१. इंग्रजी ‘ए’ ला शून्य धरून मोजले की १२ म्हणजे ‘एम’. बाकीला २ ने भागून मिळणारा पूर्णांक ९. अक्षांश २१.१ उत्तर. त्यात ९० मिळवले की १११.१. १० ने भागल्यास भागाकार ११, म्हणजे ‘एल’, आणि बाकी १.१, म्हणजे १. दोन्ही अक्षरे आधी, मग अंक: ‘एमएल ९१’. पुण्याचा चौकोन याच रीतीने ‘एमके ६८’ येतो, तर पणजीचा ‘एमके ६५’. सहावी-सातवीच्या मुलांना आपापल्या गावाचा चौकोन काढायला सांगावा. ऋण संख्या शिकलेल्या मुलांनी न्यूयॉर्कचाही काढून पाहावा.

आता खरी अडचण. उपग्रह फक्त त्याच्या क्षितिजाच्या आतल्या लोकांनाच जोडू शकतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही हौशी रेडिओ आहे. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर तिथून चहूकडे सुमारे २,२०० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश दिसतो. म्हणजे दोन बोलणाऱ्यांमधले अंतर जास्तीत जास्त ४,४०० किलोमीटर. मुंबईहून दुबई किंवा बँकॉक साधेल, पण मॉस्को नाही. कॅलिफोर्नियातल्या माणसाला हवाई बेटे मिळतील, पण न्यूयॉर्कमधल्याला ती सुमारे ८,००० किलोमीटरवर राहतील. बक्षीस सगळ्यांना एकच असले, तरी वाट सगळ्यांची सारखी नसते.

वर्गात हे दाखवता येते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलाचा परिघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे १ सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. सव्वापाच सेंटिमीटर दोरा घ्या. त्याचे एक टोक उपग्रहाच्या जागी दाबून दुसरे सभोवती फिरवा. या वर्तुळात दोन्ही गावे एकाच वेळी आली, तरच संपर्क होईल. स्थानकाची सावली जमिनीवरून सेकंदाला सुमारे ७.२ किलोमीटर सरकते, असे धरा. ४,४०० ला ७.२ ने भागले की सुमारे ६१० सेकंद येतात. म्हणजे स्थानक अगदी डोक्यावरून गेले, तरी फेरी दहा मिनिटांचीच!

या दहा मिनिटांत वारंवारताही जागेवर राहत नाही. येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम. ४३५ मेगाहर्ट्झवर उपग्रह येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकाच खाली सरकतो. माणसाच्या बोलण्याला जेमतेम ३ किलोहर्ट्झ पुरतात. एका हाताने अँटेना फिरवायची, दुसऱ्याने वारंवारता जुळवायची आणि तेवढ्यात समोरच्याचे सांकेतिक नाव व चौकोन टिपून घ्यायचा!

उंच उपग्रह असेल, तर प्रदेश वाढतो. १९७४ चा ‘ऑस्कर-७’ सुमारे १,४५० किलोमीटरवरून फिरतो. तिथून दोघांमधले अंतर ७,९०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. १९८१ मध्ये त्याची बॅटरी निकामी झाली आणि तो गप्प झाला. २००२ मध्ये मात्र केवळ सूर्यप्रकाशावर तो पुन्हा बोलू लागला. आपल्या इस्रोनेही ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ६ ने ४२.५ किलोग्रॅमचा ‘हॅमसॅट’ सोडला. त्यातले एक संदेशयंत्र भारतीय, तर दुसरे एका डच विद्यार्थ्याने बनवलेले होते. जुलै २०१४ पर्यंत जगभरच्या हौशींनी तो वापरला. त्यांच्या नोंदवह्यांतल्या कित्येक चौकोनांना आपल्या देशाचा हातभार लागला आहे.

यात स्पर्धा आहे, तसा एक नैतिक प्रश्नही आहे. अशा उपग्रहावर अनेकजण एकाच वेळी बोलतात आणि सगळ्यांना मिळून वीज मात्र थोडीच असते. एखाद्याने जास्त शक्तीने संदेश पाठवला, तर त्याचा आवाज मोठा येतो आणि इतरांच्या वाट्याची शक्ती त्याच्याकडे जाते. त्याला चौकोन लवकर मिळतील, पण तेवढ्यात कोणाचा तरी पहिलावहिला संपर्क बुडालेला असेल. म्हणून जाणते लोक सांगतात, की परत येणारा आपला आवाज जेमतेम ऐकू येईल एवढीच शक्ती वापरावी. काही उपग्रहांवर तर एका वेळी एकालाच बोलता येते. तिथे आधीच मिळवलेला चौकोन पुन्हा हाकारण्यापेक्षा नवख्याला जागा देणे शहाणपणाचे.

उलट बाजूही आहे. काहीजण यंत्र गाडीत घालून जिथे एकही हॅम राहत नाही अशा चौकोनात जातात, ते दुसऱ्यांना तो मिळावा म्हणून. प्रशस्तिपत्र त्यांना नव्हे, ऐकणाऱ्यांना मिळते. संपर्कही एकट्याच्या सांगण्यावरून धरला जात नाही. दोघांच्या नोंदी जुळाव्या लागतात, पोचपावतीचे कार्ड यावे लागते किंवा संगणकावरील नोंद पटावी लागते.

गुणपत्रिकेचे ओझे वाहणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगण्यासारखे आहे. इथे शंभरातला प्रत्येक गुण दुसऱ्या कोणीतरी दिलेला असतो आणि तोही त्याच दहा मिनिटांत आपल्याकडून एक गुण घेऊन जातो.