लस देऊनही ‘लम्पी’ कसा? आकड्यामागचा हिशेब समजून घ्या

जालना : ‘लम्पी झालेल्या निम्म्याहून अधिक जनावरांना लस दिलेली होती,’ असा मजकूर मोबाइलवर आला, तर पशुपालक लसीकडे पाठ फिरवू शकतो. मात्र आकडा खरा असूनही त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा असू शकतो.

पार्श्वभूमी काय?
ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पीची साथ सुरू झाली. पुढे ती जळगावला लागून असलेल्या जालना जिल्ह्यासह राज्यभर पसरली. गोवंशाला गोट पॉक्स लस देण्यात आली. दगावलेल्या दुधाळ गायीसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार, तर वासरासाठी १६ हजार रुपयांची मदत राज्य सरकारने जाहीर केली.

हिशेब कुठे चुकतो?
समजा, भोकरदन तालुक्यातील एका गावात १२० जनावरे आहेत. लस दिलेल्या १०० पैकी १० आजारी पडली. लस न दिलेल्या २० पैकी ८. आजारी १८ जनावरांत लस घेतलेली १०, म्हणजे निम्म्याहून अधिक. पण प्रमाण पाहिले तर लस घेतलेल्यांत १० टक्के आणि न घेतलेल्यांत ४० टक्के. एकूण जनावरांची संख्या गाळली, की चित्र उलटे दिसते.

अहवालात काय हवे?
प्रयोग न करता गोठ्यातील स्थितीची नोंद घेणाऱ्या अभ्यासाला निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात. अशा पशुवैद्यकीय अभ्यासांसाठी ‘स्ट्रोब-व्हेट’ ही २२ मुद्द्यांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार या गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात :

• जनावरे कशी निवडली? केवळ दवाखान्यात आणलेली मोजली, तर घरीच बरी झालेली सुटतात.
• लम्पी कसा ठरवला? अंगावरील गाठी पाहून की प्रयोगशाळेत तपासून?
• लस कधी दिली? प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्याआधी झालेली लागण वेगळी दाखवावी.
• एकाच गोठ्यातील जनावरे किती? त्यांना चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड एकच असतात. त्यामुळे एका गोठ्यातील पाच गायी म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत.
• किती जनावरांची माहिती मिळाली नाही आणि अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या?

पशुपालकांनी काय पाहावे?
लसीबाबतचा आकडा पुढे पाठवण्यापूर्वी विचारा : किती जनावरांपैकी, कशी निवडलेली आणि लस दिल्यानंतर किती दिवसांनी? उत्तर नसेल, तर त्या आकड्यावरून लस टाळू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.