दरडीखालची काच आणि पावसातली लहर

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून खाली उतरणारी सावित्री, तिच्या खोऱ्यातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, पोलादपुराहून आंबेनळी घाटाने वर चढणारा रस्ता आणि बिरवाडीच्या आसमंतात पसरलेली महाडची औद्योगिक वसाहत, ही सारी सह्याद्रीच्या पायथ्याशी एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंबली गेली आहेत. आणि म्हणूनच येथून मुंबईस किंवा पुण्यास संदेश धाडावयाचा तर तो जमिनीत पुरलेल्या काचेच्या तंतूतून न्यावा, की डोंगरमाथ्यांवरील मनोऱ्यांमधून मायक्रोवेव्हच्या लहरींवर स्वार करून हवेतून सोडावा, हा प्रश्न येथे जितका निकडीचा होतो तितका सपाट मुलखात होत नाही.

केवळ वाहनक्षमतेचा विचार केला तर वादास जागाच उरत नाही. १९६६ साली चार्ल्स काव यांनी काचेतील अशुद्धी काढून टाकल्यास प्रकाश दूरवर नेता येईल असे प्रतिपादन केले, तेव्हा त्यांची अपेक्षा एवढीच होती की एका किलोमीटरानंतर मूळ प्रकाशाचा शंभरावा हिस्सा तरी शिल्लक राहावा; आजच्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश उरतो. आपल्या देशात दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू वाहिनी १९७९ साली पुण्यात सुरू झाली, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकाच तंतूतून ऐंशीहून अधिक वेगवेगळ्या तरंगलांबींचे प्रकाशकिरण एकाच वेळी धाडता येतात व त्यांतील प्रत्येक किरण सेकंदास १०० गिगाबिट माहिती वाहू शकतो. उलट लांब पल्ल्याचा मायक्रोवेव्ह दुवा काहीशे मेगाबिटांपासून फार तर काही गिगाबिटांपर्यंत मजल मारतो.

मायक्रोवेव्हची अट अशी की दोन्ही मनोरे परस्परांना दिसले पाहिजेत, आणि तेही काठोकाठ नव्हे. महाड ते महाबळेश्वर हे अंतर सरळ रेषेने सुमारे ३० किलोमीटर. एवढ्या झेपेत पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यावर जमीन तेरा मीटर वर येते, आणि ७ गिगाहर्ट्झची लहर घ्यावी तर दृष्टिरेषेभोवती सुमारे १८ मीटर त्रिज्येचा जो लंबगोल प्रदेश असतो, त्याचा बराचसा भाग झाडे, कडे व इमारतींपासून मुक्त ठेवावा लागतो. खोऱ्याच्या तळाशी बसलेल्या महाडास म्हणूनच डोंगरमाथ्यावरील मध्यस्थ मनोऱ्यांचा आश्रय करावा लागतो, आणि तेथे वीज, रस्ता व पहारा पुरविणे हा निराळाच खटाटोप होतो.

पावसात मायक्रोवेव्हची लहर टिकत नाही, हा आक्षेप मात्र जरा तपासून घ्यावयास हवा. ताशी १०० मिलिमीटर या वेगाने सरी कोसळत असता १५ गिगाहर्ट्झची लहर दर किलोमीटरास सुमारे ८ डेसिबल क्षीण होते, म्हणजे तिचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो. ८० गिगाहर्ट्झच्या लहरीची तर एका किलोमीटरातच हजारावा भाग उरण्याइतकी दैना होते. परंतु ७ गिगाहर्ट्झच्या लहरीचे नुकसान त्याच पावसात किलोमीटरामागे दोन डेसिबलांहूनही कमी असते. २२ जुलै २०२१ च्या त्या भीषण दिवसाचाच दाखला घ्या. महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे सरासरी ताशी २५ मिलिमीटर. या हिशेबाने संपूर्ण ३० किलोमीटरांच्या झेपेत ७ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ७ डेसिबल गमावील, आणि नीट आखलेल्या दुव्यात तर ३० ते ४० डेसिबलांची शिल्लक मुळातच राखलेली असते. मधूनच येणारी जोराची सर दुव्यास काही मिनिटे मंद करील. सर ओसरली की तो आपोआप पूर्ववत होईल.

तंतूचे तसे नाही. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली, महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले आणि आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला. अशा वेळी डोंगराबरोबर वाहून गेलेला तंतू काही पाऊस थांबला म्हणून जुळत नाही. दोन टोके शोधून सांधणारा कारागीर आपल्या यंत्रासह त्या जागी पोहोचावा लागतो, आणि त्याला पोहोचविणारा रस्ताच नाहीसा झालेला असतो. माझ्या मते या दोन साधनांची खरी तुलना येथे आहे, क्षमतेत नव्हे. दरड नसली तरी महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीचा फाळ तंतूवर पडण्यास मुहूर्त लागत नाही. १६५ सेंटिमीटर खोल चर खणण्याचा जो सर्वसाधारण दंडक आहे, तो सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात पाळणे अतिशय खर्चाचे, आणि रस्ता, वन व ग्रामपंचायत यांच्या हद्दींतून परवानग्या मिळविता मिळविता मुदतीवर मुदती उलटतात. खर्च काचेचा नसून खणण्याचा आहे, हे बाहेरच्या माणसास सहसा उमगत नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर, तर हवेत लहर जवळजवळ तीन लाखांनी धावते. शिकागो व न्यूयॉर्क येथील रोखेबाजारांत काही सहस्रांश सेकंद वाचविण्याकरिता व्यापाऱ्यांनी तंतू असूनही मनोऱ्यांची साखळी उभारली, ती याच कारणास्तव. महाडच्या रसायन कारखान्यांस असल्या घाईचे प्रयोजन नाही. त्यांस प्रयोजन आहे ते अखंडतेचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये येथील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. अशा प्रसंगी अग्निशमन दल, रुग्णालय व तहसील कचेरी यांचा संपर्क क्षणभरही तुटता कामा नये.

तेव्हा निवाडा असा की मुख्य वाहिनी प्रकाशतंतूचीच असावी, परंतु तिला जोड द्यावी ती त्याच महामार्गाने जाणाऱ्या दुसऱ्या तंतूची नव्हे. कोकण रेल्वेच्या मार्गालगतही प्रकाशतंतू टाकलेला आहे, तो निराळ्या वाटेचा म्हणून उपयुक्त. आणि तिसरी फळी म्हणून ७ गिगाहर्ट्झचा एक साधा मायक्रोवेव्ह दुवा, ज्याच्या मनोऱ्यावर निदान तीन दिवसांची बॅटरी व डिझेल यांची तजवीज असेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, हे या मुलखात कोणी विसरलेले नाही. वसाहतीतील कारखानदारांनी दूरसंचार कंपनीशी करार करताना तिचे दोन मार्ग एकाच पुलावरून किंवा एकाच चरातून जातात काय, एवढे अवश्य विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.