उरलेल्या हवेची साक्ष

एक लिटर पेट्रोल जाळायला हवा किती लागत असेल? गप्पांत हा प्रश्न टाकला की कुणी दहा लिटर म्हणतं, धीट माणूस शंभरपर्यंत जातो. उत्तर आहे सुमारे नऊ हजार लिटर! वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, असा इंजिनाचा शिधा ठरलेला आहे.

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की मेकॅनिक म्हणतो, ‘गाडी लीन चालतेय.’ सिग्नलला इंजिन थरथरतं, पिकअप घेताना गाडी अडखळते. पण ही लक्षणं इतरही दहा रोगांची असतात. जुने मिस्त्री प्लग काढून त्याचं टोक बघत. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठणठणीत, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त आणि पांढरंफटक पडलं असेल तर लीन.

आज हे काम एक्झॉस्टच्या पाइपात बसलेला ऑक्सिजन सेन्सर करतो. गंमत अशी की तो पेट्रोलकडे बघतच नाही, जेवण उरकल्यावर ताटात ऑक्सिजन किती उरला तेवढंच पाहतो. त्याच्या पोटात झिर्कोनियाची अंगठ्याएवढीही नसलेली टोपी असते. तिच्या एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. तीनशे अंशांच्या वर तापली की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या तफावतीवर ती स्वतःच वीज तयार करते. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर जेमतेम ०.१ व्होल्ट, जवळपास संपला असेल तर ०.९. या विजेचं गणित वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडलं. पुढे त्यानेच झिर्कोनियाची कांडी तापवून चालणारा दिवा बनवला. त्याच जातीचा पदार्थ १९७६ मध्ये बॉशच्या सेन्सरमधून व्होल्वोच्या मोटारीत जाऊन बसला.

सेन्सर ‘लीन’ म्हणाला की गाडीचा संगणक पेट्रोल वाढवतो आणि किती टक्के वाढवलं ते लिहून ठेवतो. याला म्हणतात फ्युएल ट्रिम. पाच-सात टक्क्यांची उधारी चालते. (इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला एका किलोमागे नऊच किलो हवा पुरते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर हा आकडा थोडा चढला तर दचकू नये.) उधारी वीस-पंचवीसच्या पलीकडे गेली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनरवर ‘पी०१७१’ उमटतं.

कच्चा माणूस इथे थेट सेन्सरच बदलतो. तयारीचा मेकॅनिक आयडलिंगला ट्रिम वाचतो, मग रेस वाढवून अडीच हजार आरपीएमवर पुन्हा वाचतो. येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची गाडी असेल आणि आकडा रेसबरोबर खाली आला, तर त्या सेन्सरच्या पुढे कुठेतरी चोरून हवा घुसतेय. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद, त्यामुळे आतली ओढ जबरदस्त आणि एकूण हवा थोडीशीच. त्यात भेगेतून आलेली हवा मोठा वाटा मारते. थ्रॉटल उघडला की त्या लोंढ्यात तिचा हिशेबही लागत नाही. उलट, आयडलला सगळं ठीक आणि भार पडल्यावर आकडा चढत गेला, तर संशय गाडीच्या फ्युएल पंपावर किंवा तुंबलेल्या फिल्टरवर. दोनच आकडे, पण बॉनेट उघडण्याआधी निम्मा तपास उरकतो.

साक्षीदारही कधी फसतो. सेन्सरच्या आधीच एक्झॉस्टला भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. प्लगने ठिणगीच चुकवली तर न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात, पण सेन्सरला दिसतो तो ऑक्सिजन. पेट्रोल वाया जात असतानाही तो ‘लीन, लीन’ म्हणत राहतो.

हवाचोर सापडवायला मग इंजिन बंद करून इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात. मिनिटभर काहीच होत नाही. मग मॅनिफोल्डच्या मागे, हात घालावा तर बोटं सोलतील अशा सांदीत, करंगळीएवढ्या रबरी नळीच्या कोपरातून धुराची बारीकशी रेघ वर चढू लागते.