जुन्या ट्रॅक्टरचें दुखणें : क्लच कीं मागचा आंस?

फर्ग्युसन टी-ई-२० हा लहानसा राखाडी ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळांत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथें तयार होत असे. पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तेथून बाहेर पडले. १९५८ च्या जानेवारींत एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोंचले तेही याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून. आजही कित्येक मालक आपला जुना फर्ग्युसन मोठ्या हौसेनें चालता ठेवतात.

या यंत्राला मोटारलॉरीसारखी वेगळी चौकट नाहीं. पुढें इंजिन, मध्यें गिअरपेटी, मागें आंसाची पेटी. या एकमेकींस बोल्टांनीं जोडल्या कीं तोच ट्रॅक्टरचा कणा झाला. रचना सुबक खरी, परंतु तिचें मोल दुरुस्तीच्या वेळीं द्यावें लागतें. क्लचची थाळी बदलावयाची म्हटली कीं सबंध ट्रॅक्टर कमरेंत दुभंगावा लागतो. म्हणूनच दुखणें कोठें आहे हें पाना हातीं घेण्यापूर्वीं ठरविलें पाहिजे. रोग मागच्या आंसांत आणि शस्त्रक्रिया क्लचवर, असें झालें तर सारे कष्ट पाण्यांत जातात.

इंजिनाचा आवाज चढतो, पण नांगर ओढला जात नाहीं, अशी तक्रार असल्यास प्रथम क्लचचें पेडल पहावें. त्याला सुमारें पाऊण इंच मोकळी चाल असावी लागते. थाळीचें अस्तर झिजत जातें तसतशी ही चाल कमी होते; ती अगदींच संपली म्हणजे पाय काढला तरी क्लच किंचित् दाबलेलाच राहतो व घसरतो. चाल पुन्हां नीट बसवितांच पुष्कळदां काम भागतें. क्लचच्या घराच्या तळाशीं एक लहान भोंक असतें. तेथून तेल ठिबकत असेल, तर मात्र अस्तर तेलानें भिजलें असण्याचा संभव फार, आणि मग पेडलशीं खटपट करून उपयोग नाहीं.

ट्रॅक्टर जागचा मुळींच हलत नसेल, तर या यंत्राच्या रचनेंतच एक उत्तम परीक्षा आहे. अवजारें फिरविणारा मागचा दांडा आणि अवजार उचलणारा तेलाचा पंप या दोहोंना गति मिळते ती क्लचच्या पलीकडून, गिअरपेटींतून. गिअर मोकळा ठेवून हा दांडा जोडावा. तो फिरला आणि नांगर वर उचलला गेला, तर शक्ति क्लच ओलांडून पुढें येत आहे हें उघड झालें; शोध त्याच्या मागें घ्यावयाचा. दांडाही स्वस्थ राहिला, तर बहुधा क्लचच दोषी.

पुढची पायरी मागच्या आंसाची. पुढच्या चाकांना अडसर घालून मागचीं दोन्ही चाकें उचलावीं व पेटी भक्कम ठोकळ्यांवर टेकावी. नुसत्या जॅकवर विसंबणें म्हणजे जिवाशीं खेळ. इंजिन बंद ठेवून गिअर टाकावा आणि एक चाक हातानें फिरवावें. दुसरें उलट दिशेनें फिरलें तर डिफरन्शियल व दोन्ही अर्धे आंस शाबूत आहेत. तें हललेंच नाहीं, तर एखादा आंस तुटला असल्याचा संशय बळावतो.

आवाजही बरेंच सांगून जातो. पेडल दाबतांच घरघर सुरू झाली तर क्लच सोडविणारें बेअरिंग झिजलें; वळतांनाच आवाज येत असेल तर डिफरन्शियलचे लहान दांते तपासावे. गिअरपेटी, मागचा आंस आणि उचलयंत्र यांचें तेल एकच असतें. तें दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे.

इतकें करूनही दोष क्लचचाच ठरला, तर ट्रॅक्टर दुभंगण्यावांचून गत्यंतर नाहीं. पुढचा आंस मध्यावरील खिळीवर झुलता असतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंस लांकडी पाचरी ठोकल्याशिवाय बोल्ट सैल करूं नयेत. नाहींतर सुटलेलें इंजिन कुशीवर कलंडतें. नवी थाळी बरोबर मध्यावर बसवून मगच तिचे बोल्ट आवळावे. ती तसूभर सरकली तरी गिअरपेटीचा दांडा तिच्यांत शिरत नाहीं.