दुःखाची कैफियत
लेखांक सातवा : बाजरीची भाकरी

गेल्या लेखांकात आपण ईयोबाची कैफियत ऐकली. मुलेबाळे, गुरेढोरे आणि देहाचे आरोग्य एकामागून एक हरपल्यावर त्या सत्शील पुरुषाने प्रत्यक्ष परमेश्वरालाच प्रतिवादी करून फिर्याद गुदरली, सांत्वनाला आलेल्या मित्रांनी त्याच्याच पदरी पाप सिद्ध करण्याचा खटाटोप केला, आणि शेवटी वावटळीतून देव बोलला तेव्हा त्या बोलण्यात ‘हे मलाच का?’ या मूळ प्रश्नाचा निकाल मात्र कोठेच नव्हता. यावर एका वाचकाने रास्त हरकत घेतली आहे : ज्या दरबारात निकालच मिळत नाही तेथे अर्ज करावयाचा तरी कशाला? या हरकतीला ग्रंथांतरीचे उत्तर देता येईल. परंतु पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचे दफ्तर उघडले असता जे दिसते ते अधिक बोलके आहे, असे मला वाटते.

१८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या या कन्येला तिचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आणि त्यांच्याच हाताखाली संस्कृत शिकलेल्या आईने विद्या दिली. द्रव्य मात्र तीर्थयात्रांत आणि दानधर्मांत संपून गेले होते. पुराणे सांगत हिंडणारे हे कुटुंब मद्रास इलाख्यातील दुष्काळात सापडले, व झाडपाला खाण्याची पाळी येऊन प्रथम वडील गेले. तापाने ग्रासलेल्या आईला भाकरीचा एखादा तुकडा हवासा झाला, म्हणून रमाबाई एका ब्राह्मणीच्या दाराशी गेल्या. पण ज्या जिभेवर भागवताचे श्लोक अस्खलित नाचत, ती जीभ याचनेच्या एका शब्दासाठी उचलेना. त्या गृहिणीनेच मुद्रा ओळखून बाजरीची भाकरी हातावर ठेवली. ती घेऊन त्या धावत परतल्या, तो आईला घास गिळण्याचेही त्राण उरले नव्हते. पुढे स्मशान दूर आणि खांदेकरी अपुरे, म्हणून स्वतः रमाबाईंना आईच्या तिरडीला हात द्यावा लागला, आणि उंची कमी पडल्यामुळे तो भार त्यांनी खांद्याऐवजी मस्तकावर वाहिला.

उरलेली यादी थोडक्यात सांगतो. बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, त्याच वर्षी ज्यांच्याशी विवाह झाला ते बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने गेले, आणि तेविशीतल्या या विधवेच्या मांडीवर वर्षही न भरलेली मनोरमा राहिली.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या सांत्वनाच्या शोधात, असा एक सर्वसाधारण समज आहे, आणि तो मला अपुरा वाटतो. १८८३ साली इंग्लंडात गेल्यावर लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने ज्यांना पतित म्हणून उंबरठ्याबाहेर घातले होते, अशा स्त्रियांची शुश्रूषा तेथील भगिनी आत्मीयतेने करीत होत्या. हे का करता, असे विचारता रमाबाईंना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि तिच्याशी आदराने बोलणाऱ्या येशूची कथा सांगण्यात आली. म्हणजे प्रथम मनात ठसली ती करुणा, आणि तीही दुसऱ्यांवर केलेली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला त्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी स्वतःच पुढे दिली आहे. अंतःकरणाला विसावा मिळाला तो आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, जेव्हा पात्रता सिद्ध करण्याची सारी धडपड सोडून, जसे आहोत तसे स्वीकारले गेलो आहोत, हे त्यांनी मानले. विद्वत्तेच्या जोरावर कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळविणाऱ्या स्त्रीला हे जड गेले असल्यास नवल नाही. पुढे विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनातील धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दुरावले. तो वाद येथे उगाळत नाही.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८९६. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या वार्ता आल्या आणि रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि अस्थिपंजर झालेल्या मुली व विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा अंमल, सरकारी बंदोबस्त कडक. तेव्हा केडगावच्या शेतावर झोपड्या आणि मंडप उभारून, विहिरी खणून ‘मुक्ती’चा संसार मांडला गेला. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही संख्या हजारावर गेली. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवी. ज्या मुलींना दारात उभे राहून मागताना शब्द फुटत नव्हता, त्यांची मुद्रा या बाईला न विचारता वाचता येत होती. कारण ती त्यांनी एकदा आपल्याच चेहऱ्यावर धारण केली होती. माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धेने रमाबाईंना दिले ते एवढेच, आणि ते थोडे नव्हे : दुःख हे शिक्षेचे फर्मान नसून, वधस्तंभावर ज्याने ते स्वतः भोगले त्याच्याशी झालेली ओळख आहे, ही खात्री. आईची भाकरी वाया का गेली, याचा उलगडा या श्रद्धेने केला नाही. पण ती भाकरी हातात घेऊन दुसऱ्यांच्या दाराशी जाण्याचे बळ दिले.

या श्रद्धेने पुढची दुःखे टळली, असेही कोणी समजू नये. श्रवणशक्ती क्षीण झाली, आणि १९२१ च्या जुलैत मनोरमा, जिच्यावर संस्थेची सारी भिस्त होती ती, आईच्या आधी गेली. त्या वेळी रमाबाईंचे एक काम अपुरे होते : हिब्रू व ग्रीक मुळावरून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर. वर्षानुवर्षे चाललेले ते काम त्यांनी कन्येच्या मृत्यूनंतरही सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. केडगावच्याच छापखान्यात मुद्रित झालेला संपूर्ण ग्रंथ त्यानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली बाहेर पडला.

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगावास थांबते, आणि मुक्ती मिशन आजही तेथे आहे. हरकत घेणाऱ्या आमच्या वाचकमित्राने सवडीने एकदा तेथे उतरून यावे. पुढील लेखांकात रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या वियोगाच्या वर्षांविषयी लिहीन.