चाकाच्या पोटातील सुख

दसऱ्याच्या दिवशी घरच्या वाहनाला स्नान घालून त्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखावे व पुढे झेंडूची माळ बांधावी, ही चाल आपल्या बहुतेक घरांत आहे. परंतु ही पूजा होते ती वाहनाच्या दर्शनी भागाची. ज्या दोन अवयवांवर आपल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात ते, म्हणजे ब्रेक आणि चाकाचे बेअरिंग, चाकाच्या पोटात दडलेले असतात. तेथवर ना कुंकू पोचते, ना मालकाची दृष्टी. पूर्वीचे लोक शस्त्रे आधी घाशीत, परजीत आणि मग पूजीत. वाहनाच्या बाबतीत आपण परजणे विसरलो व माळ तेवढी ठेवली. आजचा लेख ह्या विसरलेल्या भागाविषयी आहे.

नाशिककरांना तरी हा विषय परका वाटू नये. सातपूरला १९८१ साली महिंद्रांचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, आणि तेव्हापासून जीपच्या वंशातील वाहने ह्या जिल्ह्याच्या अंगवळणी पडली आहेत. एक भाऊ नोकरीत, दुसरा निफाड किंवा दिंडोरीकडील द्राक्षबागेवर, आणि दोघांच्या मिळून मालकीची एक जुनी पिकअप, अशी एकत्र कुटुंबे आमच्या ओळखीची पुष्कळ आहेत. तीच गाडी कांद्याच्या दिवसांत लासलगावला जाते व द्राक्षांच्या दिवसांत मुंबईची वाट धरते. वीस वर्षांची झाली तरी तिचे इंजिन धडधाकट असते, आणि इंजिन धडधाकट म्हणजे गाडी धडधाकट असे घरात सर्वांनी गृहीत धरलेले असते. वस्तुतः गाडी चालणे ही निम्मीच गोष्ट झाली. ती हवी तेथे थांबणे ही उरलेली निम्मी, आणि तीच अधिक महत्त्वाची.

ब्रेकवर केवढा भार पडतो ह्याचा थोडा हिशेब करू. इगतपुरी सोडून कसारा घाटाने खाली येताना गाडी सुमारे तीनशे मीटर उतरते. मालासह तिचे वजन तीन टन धरले, तर ह्या उतरणीत सुमारे ८८ लाख जूल एवढी शक्ती कोठेतरी जिरवावी लागते. ती सारी ब्रेकांनीच जिरवली, तर तेवढ्या उष्णतेने २८ लिटर साधे पाणी खळखळा उकळेल. म्हणजे मोठा बंब भरून पाणी तापवण्याइतका विस्तव चार चाकांच्या पोटात पेटतो. म्हणूनच जाणते चालक ज्या गिअरमध्ये घाट चढले असते त्याच गिअरमध्ये तो उतरतात व बराचसा भार इंजिनावर सोपवतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा मनुष्य दोन रुपये वाचवतो आणि सर्व भार त्या चार लहानशा भट्ट्यांवर टाकतो.

आता ह्या भट्टीची रचना पाहू. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित पास्कल ह्याचा नियम आम्ही शाळेत वर्षानुवर्षे शिकवला. येथे तो प्रत्यक्ष कामाला लागतो. तो दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाशी जातो व तेथील लहान सिलिंडरातील दट्ट्यांना बाहेर ढकलतो. दट्टे अर्धचंद्राकृती ब्रेकशूंना फिरत्या ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबतात, आणि घर्षणाने चाक थांबते. जुन्या पिकअपला चारही चाकांना असे ड्रम असत. पुढे पुढल्या चाकांना डिस्क आली, तरी तेलाच्या दाबाचे तत्त्व तेच राहिले.

ब्रेकशूवर जे अस्तर असते त्याला लायनिंग म्हणतात. ते झिजण्यासाठीच असते. ते रिव्हेटांनी बसवलेले असेल तर रिव्हेटाची डोकी पृष्ठभागाच्या किती खाली आहेत ते पाहावे. जेमतेम एक मिलिमीटर अंतर उरले असेल तर शू बदलावेत. अन्यथा लवकरच रिव्हेटच ड्रमला घासून त्यात चऱ्या पाडतील. शू बदलायचे ते एकाच बाजूचे कधीही बदलू नयेत. एका आसावरील दोन्ही चाकांचे शू एकाच वेळी व एकाच जातीचे बसवावेत, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढली जाते. ताणून सैल झालेल्या स्प्रिंगाही त्याच वेळी बदलून टाकाव्यात.

ड्रम उघडल्यावर आत काळी धूळ साचलेली दिसते. पुष्कळ ठिकाणी ती हवेच्या झोताने उडवून देतात, आणि जवळ उभे असलेले कोवळे पोर ती निमूटपणे श्वासावाटे आत घेते. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसात शिरले तर कित्येक वर्षांनंतर कर्करोगासारखी दुखणी उद्भवतात, हे आता सिद्ध झालेले आहे. ओल्या फडक्याने धूळ पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकण्यास काही खर्च येत नाही. तेवढे करवून घेणे हे गाडीच्या मालकाचे कर्तव्य होय. आपली गाडी दुरुस्त करणारा मुलगा कोणाच्या तरी घरचा असतोच.

ब्रेकनंतर बेअरिंगकडे वळू. बैलगाडीच्या काळी तुंबा आसावर फिरे, त्यावर वंगण घालीत, आणि चाक निसटू नये म्हणून टोकाला कुणी ठोकीत. दशरथाच्या रथाची कुणी युद्धात निसटली, तेव्हा कैकेयीने तेथे आपले बोट घालून रथ सावरला, अशी कथा आपल्याकडे लहानपणी सर्वांनी ऐकलेली असते. त्या उपकारातून वर आले, वरांतून वनवास आला, आणि वनवासाने प्रभू रामचंद्र आमच्या पंचवटीस आले. एका कुणीच्या निष्काळजीपणाचे परिणाम कोठवर पोचतात हे नाशिककरांस तरी वेगळे सांगावयास नको! आणखी एक गंमत पाहा. ‘ख’ म्हणजे पोकळी, आणि विशेषतः चाकाच्या तुंब्याचे छिद्र. ते छिद्र नीट असले की रथ हादरे न देता चालतो; त्यावरून ‘सुख’ हा शब्द आला असे कित्येक व्युत्पत्तिकार मानतात. ऋग्वेदात तर ‘सुख’ हे रथाचेच विशेषण म्हणून येते. सुखाचा उगम चाकाच्या पोटात सापडावा, ही कल्पना आम्हाला फार आवडते.

आजच्या चाकात तुंब्याच्या जागी हब आहे, आणि त्यात निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे बसतात. अमेरिकेतील हेन्री टिमकेन ह्याने १८९८ मध्ये अशा निमुळत्या रुळांच्या बेअरिंगाचे पेटंट घेतले. निमुळतेपणामुळे ते गाडीचे वजनही पेलते आणि वळणावर येणारा आडवा रेटाही सोसते. मात्र ते वेळोवेळी उघडून, धुऊन, ग्रीसने भरावे लागते. जुन्या पिकअपच्या पुढल्या चाकांना हे विशेष लागू आहे. मागल्या चाकांची रचना गाडीगणिक निराळी असते.

हे काम असे चालते. गाडी सपाट जागी उभी करून इतर चाकांमागे-पुढे दगड लावावेत. जॅकने उचलून आसाखाली मजबूत लोखंडी घोडी द्यावी. जॅक हा उचलण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. बेअरिंग काढून रॉकेलात स्वच्छ धुवावे व पूर्ण वाळू द्यावे, पण हवेच्या झोताने ते गरगर फिरवू नये. मग उजेडात धरून एकेक रूळ तपासावा. खड्डा, ओरखडा किंवा तापल्याची निळी झाक दिसली तर बेअरिंग बदलावे, आणि बदलताना बाहेरची वाटी, जिला कारखान्यांत ‘कप’ म्हणतात, तीही नवी घालावी. रूळ नवे व वाटी जुनी हा संसार टिकत नाही.

ग्रीस वरून चोपडणे म्हणजे भरणे नव्हे. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा, बेअरिंगाची रुंद कड त्यात पुन्हा पुन्हा दाबावी, आणि रुळांच्या फटींतून पलीकडे ग्रीस डोकावेपर्यंत हे करीत सर्वांगाने फिरवावे. पुरणपोळीत पुरण कडेपर्यंत गेले पाहिजे, हे जिला कळते तिला हे निराळे शिकवावे लागणार नाही. हब मात्र गच्च भरू नये. थोडी पोकळी ठेवली नाही तर तापलेले ग्रीस सील फोडून ब्रेकवर येते. ऑईलसील दर वेळी नवेच बसवावे.

शेवटी नट आवळण्याची पाळी. चाक फिरवीत नट आवळावा, चाक जड लागू लागले की सुमारे एकषष्ठांश फेरा मागे घ्यावा, आणि नेमके माप त्या गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण हलवून पाहता डुगडुगता कामा नये. मग लॉक वॉशर दुमडून किंवा पिन घालून नट बंदिस्त करावा. हीच आजची कुणी.

ब्रेकच्या तेलाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे तेल हवेतील पाणी शोषून घेते. डॉट ३ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असतो. पाणी मुरले की तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात तेल उकळले तर नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल पायाखाली पोकळ लागते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी तेल बदलावे आणि नळ्यांतील हवा काढावी. एकाने पेडल दाबून धरावे व दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल सोडावे. बहुधा सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. ब्रेकच्या तेलाऐवजी इंजिनचे तेल घालणे म्हणजे रबरी वायसर फुगवून ब्रेक निकामी करणे होय.

गेल्या भाद्रपदात आमच्या परिचयाच्या एका घरची पिकअप उघडली, तेव्हा आम्ही मुद्दाम जाऊन बसलो होतो. डाव्या पुढल्या चाकाचे सील फाटले होते, ग्रीस वितळून लायनिंगवर आले होते, आणि एका रुळाला निळी झाक चढली होती. ब्रेक मारताच गाडी उजवीकडे ओढली जाते, हे चालकाने घरात दोनदा सांगितले होते. थोरल्यांना वाटले धाकट्यांनी पाहिले असेल, धाकट्यांना वाटले थोरले पाहतील. एकत्र कुटुंबात जे सर्वांचे असते ते पुष्कळदा कोणाचेच नसते. दरम्यान तो मनुष्य तीच गाडी, तीच ओढ हातांनी सावरीत, दर आठवड्याला घाटातून नेत होता. त्याच्याही घरी बायको व दोन मुली आहेत. मिस्त्रींनी तो रूळ थोरल्या भावाच्या तळहातावर ठेवला. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

म्हणून आमची सूचना एवढीच. चालकाचे म्हणणे वहीत लिहून ठेवावे. ती वही घरातील एकाने, मग ती सून असो वा लेक, किराण्याच्या हिशेबाच्या काटेकोरपणे सांभाळावी. पावसाळा सरताच, द्राक्षांचा हंगाम लागण्यापूर्वी, एकदा चारही चाके उघडावीत. पाण्यातून गेलेल्या गाडीच्या ग्रीसमध्ये पाणी शिरले असेल तर ते दुधाळ दिसते. आणि चाक उघडे असताना घरातील एका जबाबदार माणसाने तेथे हजर राहावे. चाक पुन्हा बसले की चांगले काम व वाईट काम बाहेरून सारखेच दिसते. काम झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात, अनेकदा थांबून पाहावे; थोडे अंतर गेल्यावर हबला हात जवळ नेऊन तो फाजील तापला नाही ना, हे तपासावे; चाकाचे नट पुन्हा आवळावेत. मगच गाडीत माल भरावा.

दसरा दरवर्षी येतो. झेंडूची माळ अवश्य बांधावी. फक्त त्याआधीच्या पंधरवड्यात चाके उघडून झालेली असावीत.