दोरीवर चालणारी गोष्ट

हॅरो म्हटलं की आपल्याला आठवते ती नेहरूंची शाळा. नेहरू १९०७ साली तिथून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी जवळच्या पिनर गावात विल्यम हीथ रॉबिन्सन या पस्तिशीतल्या चित्रकारानं बिऱ्हाड केलं. १९१८ पर्यंत तो तिथं होता. लोकांच्या लक्षात राहिली ती त्याच्या चित्रांतली विचित्र यंत्रं. इतकी, की दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमधल्या एका संकेतभेदी यंत्राला त्याचंच नाव पडलं. माझ्या मते मात्र तो आधी गोष्टी सांगणारा होता.

पुरावा पिनरच्याही आधीचा आहे. १९०२ सालच्या ‘अंकल लुबिन’मध्ये शब्द त्याचे आणि चित्रंही त्याचीच. एक पक्षी लहानग्या पीटरला पळवतो आणि भाबडा लुबिन हवाई जहाज बांधून त्याच्या शोधात निघतो. त्याआधी तो दुसऱ्यांच्या मजकुराला चित्रं पुरवत होता; इथं दोन्ही गोष्टी एकाच हातातून उतरल्या. १९०४ मध्ये त्याचा प्रकाशक ग्रँट रिचर्ड्स बुडाला, मोठ्या कामाचे पैसे अडकले आणि पोटासाठी त्याला साप्ताहिकांची विनोदी चित्रं धरावी लागली.

पिनरमध्ये दोन्ही कामं शेजारी-शेजारी चालली. एकीकडे अँडरसनच्या परीकथा (१९१३) आणि शेक्सपिअरचं ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ (१९१४), दुसरीकडे ‘स्केच’ साप्ताहिकातली विनोदी चित्रं. १९१२ मध्ये आलेलं ‘बिल द माइंडर’ पुन्हा सर्वस्वी त्याचं. मुलं सांभाळणारा बिल ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजासोबत निघतो आणि वाटेत भेटणारा जो तो आपली कहाणी ऐकवतो. पंचतंत्र वाचलेल्याला ही बांधणी परकी वाटणार नाही.

पण त्याचा खरा प्रयोग साप्ताहिकांच्या एकेका पानावर झाला. कॉमिक्समध्ये गोष्ट चौकटीचौकटीनं सरकते. रॉबिन्सननं अनेकदा पूर्ण गोष्ट एकाच चित्रात बसवली आणि चौकटीचं काम गाठी मारलेल्या दोरीला दिलं. नजर दोरी धरून कप्पीवर जाते, तिथून किटलीवर, मग टकलावर, आणि शेवटी कळतं की एवढा खटाटोप एका क्षुल्लक कामासाठी होता. अमेरिकेतला रूब गोल्डबर्ग अशा चित्रांत अ, ब, क अशी अक्षरं घालून पायऱ्या समजावतो. रॉबिन्सन वाचकावर विश्वास टाकतो. चित्रातला एकही माणूस हसत नाही, सगळे कर्तव्यदक्ष कारकुनासारखे कामाला जुंपलेले. आपल्या शि. द. फडणिसांची शब्दाविण चित्रं ज्यांना आवडतात त्यांना ही गंमत लगेच कळेल.

सगळंच टिकलं असं नाही. १९१५ पासून निघालेल्या युद्धचित्रसंग्रहांतली जर्मनांची थट्टा आज संदर्भाशिवाय फिकी वाटते (आघाडीवरचे सैनिक मात्र त्याला पत्रांतून नव्या कल्पना सुचवायचे). नंतरच्या गोल्फच्या चित्रांतही तोचतोपणा आहे. पण ‘रेल्वे रिबॉल्ड्री’ (१९३५) आणि फ्लॅटमधल्या अडचणीच्या संसारावरचं ‘हाउ टू लिव्ह इन अ फ्लॅट’ (१९३६) अजूनही ताजं आहे. मुंबईकराला दुसरं जास्तच.

१९४४ मध्ये तो गेला. २०१६ पासून पिनर मेमोरियल पार्कमध्ये त्याचं संग्रहालय आहे, मेट्रोपॉलिटन लाइनच्या पिनर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हॅरोतल्या मराठी घरांनी मुलांना घेऊन एकदा तरी जावं, आणि यंत्रांकडे वळण्याआधी लुबिन पाहावा.